कातडी सोललेल्या संताचं घर

आयरीन लग्न होऊन ठाण्याच्या बाळकुमला आली तेव्हा सासरी तिला भीती वाटली ती एकाच गोष्टीची. पुढच्या खोलीतल्या वेदीवर, सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, शेजारी, हातभर उंचीचा एक लाकडी संत उभा होता. उजव्या हातात सुरी आणि डाव्या हातावर, भिजलेला शर्ट टाकावा तशी, स्वतःचीच सोललेली कातडी. त्या कातडीला तोंडसुद्धा कोरलेलं होतं.

तो संत बार्थोलोम्यू, येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. तिच्या नवऱ्याच्या, ह्युबर्टच्या, आजोबांच्याही आधीपासून तो त्या घरात होता. चोवीस ऑगस्टला त्याचा सण. त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आणि सणाला पंचवीस-तीस माणसं जेवायला. जेवणाआधी ह्युबर्ट गोष्ट सांगायचा.

"हा अंजिराच्या झाडाखाली बसलेला. फिलिप येऊन म्हणतो, चल, नाझरेथचा येशू भेटलाय. तर हा काय म्हणतो? नाझरेथमधून काय चांगलं येणार! म्हणजे आपल्यातलाच, तोंडावर बोलणारा. आणि येशू सायबाने त्याला बघितल्या बघितल्या सांगितलं, या माणसात कपट नाही."

मग तो प्रेषित गलबतात बसून कल्याणच्या बंदरात उतरला, असं जुनी माणसं सांगायची. ह्युबर्टला ते शंभर टक्के खरं वाटायचं. "आपल्या खाडीतूनच गेला असणार तो. दुसरा रस्ता कुठला?" पुढे आर्मेनियात राजाच्या भावाने त्याला जिवंतपणी सोलला. इथे आला की ह्युबर्टचा आवाज बसायचा, आणि आयरीन काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची.

तिचा स्वभावच काळजीचा. शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलं, पण रोज घरी येताना सुया मोजून घेतल्या की नाही याची धाकधूक असायचीच. मुलगा शेन मस्कतला नोकरीला गेला तेव्हा तर पहिला महिना तिला धड जेवण गेलं नाही. ह्युबर्ट तिच्या अगदी उलट. मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर, आणि डोक्याला ताप म्हणून नाही.

एकदाच तो हादरलेला तिने पाहिला. त्याच्याबरोबर काम करणारा काळुराम कंपनीतल्या आगीत निम्म्याहून जास्त भाजला. ह्युबर्ट रोज हॉस्पिटलात जायचा, आयरीन डबा घेऊन सोबत. डॉक्टर म्हणाले, दान केलेली त्वचा मिळाली तर जखमा झाकता येतील, तेवढ्यात त्याची स्वतःची येईल. पण साठा संपला होता. काळुरामची बायको जिन्यात बसून असायची आणि वर येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारायची, "आली का हो?" नवव्या दिवशी काळुराम गेला.

त्या संध्याकाळी ह्युबर्ट वेदीसमोर बराच वेळ उभा राहिला. "आयरीन, इतकी वर्षं आपण याला फुलं घालतोय," तो म्हणाला, "आणि एका माणसाला हातभर कातडी मिळाली नाही." आठवड्याच्या आत त्याने त्वचादानाचा फॉर्म भरला आणि साक्षीदार म्हणून तिची सही घेतली. तिने सही केली ती न वाचता. अजून खूप वर्षं आहेत, असं मनाशी म्हणत.

सहा वर्षं मिळाली. तेरा ऑगस्टला सकाळी चहा पिताना ह्युबर्टने छातीवर हात ठेवला, "थोडं पाणी दे" म्हणाला, आणि पाणी येईपर्यंत खुर्चीतच कलंडला. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आनंद धावत आले. सव्वासात वाजले होते.

पहिला तासभर तिला काहीच सुचलं नाही. मग शेनचा फोन झाला, तो मिळेल त्या विमानाने निघणार होता. ह्युबर्टची धाकटी बहीण लिओना शेजारच्या बिल्डिंगमधून आली आणि भावाच्या पायाशी बसून रडू लागली. त्या पायांकडे बघताना आयरीनला त्वचादानाचा फॉर्म आठवला. सहा तासांच्या आत कळवायचं आणि त्वचा काढायची, असं ह्युबर्टने तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे सव्वाएकपर्यंत.

शेनने तो फॉर्म कधी पाहिला नव्हता, लिओनालाही माहीत नव्हतं. आपण गप्प बसलो तर? कुणीही तिला जाब विचारणार नव्हतं. दु:खात विसरली, असंच म्हणाले असते. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि नजर वळवायची. नऊ वाजले. साडेनऊ. येणारे-जाणारे हात हातात घेत होते, ती मान हलवत होती, आणि आतल्या आत कुणाला तरी सांगत होती, आता नको, त्याला हात नका लावू, आता तरी नको.

मग लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून धापा टाकत आलेल्या एका पाहुण्याला दारातल्या कुणीतरी विचारलं, "आली का हो शवपेटी?" तिच्या कानात फक्त पहिले शब्द राहिले, काळुरामच्या बायकोचे. ती उठली, कपाट उघडलं, ह्युबर्टच्या पाकिटातलं त्वचापेढीचं कार्ड काढलं आणि नंबर लावला. सव्वादहा वाजले होते.

"खोलीत एसी लावून ठेवा," पलीकडचा माणूस म्हणाला. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट तयार ठेवा. आम्ही निघतोच."

लिओनाला कळलं तेव्हा ती ताडकन उठली. "वहिनी, तुझं डोकं फिरलंय? शेवटच्या न्यायाच्या दिवशी दादा कबरीतून उठणार, तेव्हा काय घेऊन उठणार तो?"

"बार्थोलोम्यू काय घेऊन उठणार, लिओना?" आयरीनच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर तिची तीच घाबरली.

लिओनाने वेदीकडे पाहिलं. "तो संत होता," ती हळू आवाजात म्हणाली, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

बाराला फोन आला, गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला अडकली होती. सव्वाबाराला, अजून तिथेच. आता आयरीनला वेगळीच धास्ती. एवढं सगळं करून, नणंदेला दुखवून, वेळ टळली तर? सकाळी जी वेळ निघून जावी असं वाटत होतं, तीच आता हातातून सुटत होती. ती गॅलरीत उभी राहून खाली येणारी एकेक गाडी बघत राहिली. बारा पस्तीसला तीन माणसं जिना चढून वर आली. त्यांच्यातली तरुण डॉक्टर म्हणाली, "काकू, अर्ध्या तासाचं काम आहे, वेळेत होईल. तुम्ही बाहेर बसा."

ती बसली नाही. बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून पाण्याचा आवाज, कात्रीचा आवाज, मग मशीनची बारीकशी घरघर. डोळे मिटले की सुरी दिसायची, म्हणून तिने डोळे उघडे ठेवले. 'नमो मारिया' म्हणायला घेतलं आणि अर्ध्यावर शब्दच विसरली.

दार उघडलं. ह्युबर्ट तसाच होता. मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत पांढऱ्या स्वच्छ पट्ट्या, बाकी काही नाही. चेहरा सकाळी चहा मागितला तेव्हासारखाच. "फक्त वरचा पातळ थर असतो, काकू," डॉक्टर म्हणाली. आयरीनने पट्टीवरून हात फिरवला. मग लिओना बाहेर आली आणि दोघींनी मिळून त्याला सूट चढवला. मोजे लिओनानेच घातले.

दुसऱ्या दिवशी शेन आला, दफन झालं. पंधरा तारखेला नेहमीप्रमाणे नोव्हेना बसली. सणाला माणसंही आली. गोष्ट सांगायला आयरीन उभी राहिली, अंजिराचं झाड झालं, कल्याणचं बंदर झालं, आर्मेनिया आला आणि तिचा आवाज थांबला. पुढचं लिओनाने सांगितलं.

काळजी मात्र संपली नाही. मी बरोबर केलं का, ह्युबर्ट रागावला नसेल ना, हे रोज सकाळी उठल्याबरोबर समोर यायचं. दोन महिन्यांनी त्वचापेढीतून फोन आला. ह्युबर्टची त्वचा दोघांना लावली होती. नावं सांगता येत नाहीत, म्हणाले.

"जगले का?" तिने विचारलं.

"एक बाई घरी गेली. दुसरा अजून हॉस्पिटलातच आहे."

त्या दुसऱ्यासाठी तिने मेणबत्ती लावली, आणि त्याचीही काळजी तिच्या यादीत जमा झाली.

पुढे तिने आपला नंबर त्वचापेढीकडे देऊन ठेवला. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुणाच्या घरी अशी वेळ आली तर ती जाऊन बसते. परवा आंबिवलीला गेली होती. मंदाकिनी नावाच्या बाईंचा नवरा पहाटे गेला होता. टीम वाटेत होती आणि मंदाकिनीबाई हुंदके आवरत तिला एकच विचारत होत्या, "दुखणार नाही ना हो त्यांना?"

नाही, असं पटकन सांगून टाकणं सोपं होतं. आयरीन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "मला पण हेच वाटत होतं," ती म्हणाली. "दाराबाहेर आपण दोघी थांबू."