माझ्याकरिता सही कोणी केली?

रुग्णालयाच्या चौथ्या खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिच्या नवऱ्याला माहीत होतं, पण हल्ली तोही विसरत चालला होता. संमतीपत्रं घेणं हे तिचं काम. शस्त्रक्रिया असो, भूल असो, नाहीतर रक्त चढवायचं असो, कागदावर सही झाल्याशिवाय पेशंट आत जात नसे, आणि खिडकीताईने तो कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही होत नसे.

नुसतं वाचून ती थांबली असती तरी लोकांनी चालवून घेतलं असतं. पण वाचून झालं की ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "समजलं? मग आता तुमच्या शब्दांत सांगा." मागे रांगेत लोक कपाळाला हात लावायचे. "झालं, लागलं चऱ्हाट!" कोणीतरी पुटपुटायचं. खिडकीताईचे कान तिखट होते, पण तिकडे ती काणाडोळा करायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आजोबांची सही तिने घाईघाईत, न वाचता घेतली होती. आजोबांना वाटलं पाय प्लास्टरमध्ये घालणार आहेत. शुद्धीवर आले तेव्हा पाय गुडघ्यापासून नव्हता. पाय कापणं गरजेचंच होतं, डॉक्टरांची काही चूक नव्हती. पण आजोबांनी ज्या नजरेने तिच्याकडे पाहिलं, ती नजर सव्वीस वर्षं तिच्या पाठीमागे लागली होती.

त्या वर्षी गर्भपाताच्या प्रश्नावर कोर्टांनी सगळ्यांना गरगर फिरवलं. एका कोर्टाने म्हटलं बंद करा, त्याच्या वरच्याने म्हटलं चालू करा, तिसऱ्याने पुन्हा स्थगिती दिली. कोण नियमात बसतं आणि कोण बसत नाही हे कळेना, म्हणून डॉक्टरांनी घाबरून, जिथे गर्भपात होत त्या खोली नंबर सातला सरसकट कुलूप लावलं. आठ महिन्यांनी सर्वांत वरच्या कोर्टाचा निकाल आला. बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, दुसऱ्या कोणाची लागणार नाही. मात्र सेवा सुरू करायची की नाही हे ज्या त्या रुग्णालयाच्या मंडळाने लोकांचं म्हणणं ऐकून ठरवावं. म्हणजे निकाल कोर्टाने दिला आणि निवाडा गावाच्या गळ्यात घातला.

गाव उभं चिरलं. भिंतींवर दोन्ही बाजूंची पत्रकं एकमेकांवर चिकटवली गेली. खिडकीताईच्या नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे सेल बदलायला आलेली माणसंसुद्धा धर्म आणि कायदा यांवर हमरीतुमरीवर यायची. तो भिंगातून डोळा न काढता म्हणायचा, "भांडा, भांडा. तुमची घड्याळं तरी माझ्याकडे एकच वेळ दाखवतायत, तेवढं पुरे."

घरची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. खोली उघडू नये म्हणणाऱ्यांचे पुढारी होते भाऊजी, म्हणजे खिडकीताईचे धाकटे दीर आणि गावच्या प्रार्थनाघराचे प्रमुख. ती लग्न होऊन आली तेव्हा ते शाळेत होते; त्यांच्या शर्टाची बटणं तिने लावली होती. माणूस सोन्यासारखा. मरणाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसणारा. खिडकीताई दर आठवड्याला प्रार्थनाघरात दुसऱ्या ओळीत बसायची आणि त्यांचं बोलणं मनापासून ऐकायची. देवावर तिची श्रद्धा होती, आणि भाऊजींवर जीव होता.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी खिडकीशी शिवणवाली आली. रुग्णालयामागच्या दुकानात ती शाळेचे गणवेश शिवायची. दोन मुली, धाकटी जेमतेम चार वर्षांची. हृदयाची झडप खराब. धाकटीच्या वेळीच मरता मरता वाचलेली. आता पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे बाळंतपण जिवावर बेतेल, आणि करायचं ते दोन आठवड्यांत करायला हवं. दुसरं रुग्णालय घाटापलीकडे, बसने नऊ तास. तो प्रवास करायचा नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं.

"ताई, सात नंबर उघडेल का हो?" तिने विचारलं.

"बुधवारी सभा आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

खिडकीताईकडे प्रत्येक गोष्टीचा कागद होता. या प्रश्नाचा नव्हता. ती घरी गेली आणि जेवली नाही.

बुधवारी सकाळी दहाला नगरभवन खचाखच भरलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं, त्यामुळे शांतता पाळा असं सांगावंच लागलं नाही. भाऊजी बोलले, आणि फार सुंदर बोलले. जीव देणारा तो, घेणारे आपण कोण, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. ते नाटक नव्हतं. मग त्यांनी टेबलावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला. खोली बंदच ठेवावी असा अर्ज, त्याखाली चौदाशे बारा सह्या.

"आणि यातल्या आठशे तीस बायकांच्या आहेत," भाऊजी म्हणाले.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "गावातल्या बायकांनाच नको असेल," ते मंडळाच्या बाकीच्या आठ जणांकडे वळून म्हणाले, "तर मग आपण बोलायचं तरी काय?" तिसऱ्या ओळीत बसलेल्या शिवणवालीने मान खाली घातली.

नियमाप्रमाणे सह्यांची तपासणी रुग्णालयाच्या नोंदणी विभागाने करायची होती. नोंदणी विभाग म्हणजे खिडकीताई. ती पुढे गेली, गठ्ठा ओढला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली. पाचव्या नावाशी ती अडखळली. मग पान उलटलं. मग आणखी एक.

"भाऊजी, बायकांच्या नावांपुढे हे 'करिता' काय आहे?"

"घरातल्या एका पुरुषाने बाकीच्यांकरिता सही केली आहे, वहिनी. आपल्या प्रार्थनाघराची पद्धतच आहे ती. अन्नदानाच्या यादीपासून सगळीकडे. लपवाछपवी कसलीच नाही."

खरंच नव्हती. एखाद्या लबाडाने डाव्या हाताने आठशे सह्या ठोकल्या असत्या आणि त्या पचल्याही असत्या. हे पडले सरळ लोक! जिथे बायकोकरिता केली तिथे 'करिता' लिहिलं, आईकरिता केली तिथेही लिहिलं. प्रामाणिकपणाच त्यांच्या मुळावर आला.

खिडकीताईने बोट फिरवत मोजलं. आठशे तिसांपैकी स्वतःच्या हाताने सही केलेल्या बायका सतरा. आणि नवव्या पानावर तिला तिचं स्वतःचं नाव दिसलं, हजेरीपटावरचं, पूर्ण. समोर 'करिता', आणि पुढे सही.

मागच्या ओळीतून नवरा ओरडला, "मी नाही हं! आईशपथ मी नाही!"

सभागृह हसलं. खिडकीताई हसली नाही. तिने संतापून ते पान भाऊजींसमोर धरलं. सही भाऊजींची होती.

"माझ्याकरिता तुम्ही केलीत?"

"वहिनी, तुम्ही आमच्याच ना."

"तुमचीच आहे. जन्मभर राहीन. पण हात माझा आहे, भाऊजी. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत. रोज एकाच टेबलाशी जेवतो आपण."

भाऊजी गोंधळले. "ही देवाघरची गोष्ट आहे. तिथे कोणी कोणाकरिता सही केली..."

"देवाला सही लागतच नाही," खिडकीताई म्हणाली. "त्याला न सांगता कळतं. सही माणसांना लागते, कारण माणसं न विचारताच समजल्यासारखं करतात." मग ती अध्यक्षांकडे वळली. "सर, या सह्या मी मंजूर करू शकत नाही. बायका इथे बसल्यात. मला दोन कोरे कागद द्या. एकावर खोली उघडावी, दुसऱ्यावर बंद ठेवावी. मी वाचून दाखवते, ज्या त्या बाईने येऊन सही करावी."

"इथे? आत्ता?"

"मी रोज तेच करते."

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "करा," ते म्हणाले.

रांग लागली. आधी चारजणी उठल्या, मग चाळीस, मग दारापर्यंत, मग दाराबाहेर. खिडकीताईने प्रत्येकीला कोर्टाचा निकाल तीन वाक्यांत सांगितला, दोन्ही कागद वाचून दाखवले आणि वर विचारलं, "समजलं? तुमच्या शब्दांत सांगा."

एक ऐंशीची आजी म्हणाली, "खोली उघडली म्हणजे मला तिथे जायलाच पाहिजे असं नाही ना?"

"नाही हो आजी!"

"मग उघडा की. दार असलं म्हणून काय सगळे आत घुसतात?" आणि तिने जीभ बाहेर काढून सही केली.

दूधकेंद्रावरची बाई म्हणाली, "मला हे पाप वाटतं. मी बंदच्या बाजूने. पण माझ्या भावाने केलेली सही खोडा, ही माझी घ्या." खिडकीताईने तिलाही तितक्याच सावकाश वाचून दाखवलं आणि पेन तिच्या हातात दिलं. मुली, सासवा, सुना आल्या. काहींना सही येत नव्हती, त्यांनी अंगठा दिला. कोणी घाई केली नाही.

आणि मग धाकटी जाऊ आली. भाऊजींची बायको. तिने पदर सावरला आणि दोन्ही कागदांतला सारा मजकूर स्वतःच्या शब्दांत घडाघडा सांगितला.

"ह्यांच्याशी माझं भांडण नाही," ती म्हणाली. "घरी गेल्यावर भाजी मीच करणार आहे. पण मला जे वाटतं ते मला वाटतं." आणि तिने 'उघडावी'च्या कागदावर ठसठशीत सही केली.

मागे कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

रात्री नऊला मोजणी झाली. तीनशे बारा बायका, सगळ्या जातीने हजर. बंदच्या बाजूने एकाहत्तर, उघडण्याच्या बाजूने दोनशे एक्केचाळीस. मंडळाने हात वर करून मत दिलं, सात विरुद्ध दोन. खोली नंबर सात सोमवारी उघडायची ठरली. बायकांनी असा गलका केला की मुख्याध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्ग आवरायचा प्रयत्न सोडून दिला. घड्याळवाला तर खुर्चीवर उभा होता.

गलक्यातून भाऊजी टेबलाशी आले. चेहरा उतरलेला, पण पाठ ताठ. "वहिनी, माझं मत बदललेलं नाही. मला बंदच्या कागदावर सही करायची आहे. माझ्यापुरती."

मोजणी संपली होती, त्या सहीने काही फरक पडणार नव्हता. तरी खिडकीताईने कागद उचलला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दिराला वाचून दाखवला.

"समजलं?"

"समजलं, वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांनी एकाच माणसाची सही केली.

सोमवारी शिवणवाली सात नंबरमध्ये गेली. पुढच्या सोमवारी, झडपेची औषधं पिशवीत घेऊन, ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. थोरली तिच्या एका हाताला होती, धाकटी दुसऱ्या. धाकटीला आपली आई आठवडाभर कुठे होती एवढंच विचारायचं होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा विचारत होती. खिडकीताईने तिघींना फाटकातून बाहेर पडताना पाहिलं आणि आनंदाने ती भर दुपारी, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडली.