शिराळा ते सातारा, सात फुटी लगद्याच्या नागासोबत

शिराळ्याजवळच्या एका गावात मी शाळेची खिचडी शिजवते. पोरं बत्तीस, गुरुजी एक. माझं शिक्षण तिसरी, म्हणून शुद्धलेखनाला नावं ठेवायची असतील तर इथंच थांबा. पोरांच्या हातून काही करून घ्यायचं असेल, किंवा सात फुटाची वस्तू एसटीनं न्यायची असेल, तर पुढं वाचा.

शनिवारचा चित्रकलेचा तास गुरुजींच्या अहवालातच जायचा. पोरं फळ्याकडं बघत बसायची. मला बघवेना. म्हटलं, चार शनिवार मला द्या. माझी आई रद्दीच्या लगद्याच्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या करायची, तसाच पोरांना घेऊन नाग केला. रद्दी तीन दिवस भिजवायची, कुटायची, मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे लगदा चिवट होतो. आत पोत्याची वळकटी. रंगाला हळद, काव आणि पातेल्याची काजळी. डोळे चिंचोक्याचे. खवल्यांच्या जागी बत्तीस पोरांचे अंगठे उठवले. फुकटात झाला.

तेवढ्यात साताऱ्याला शाळांच्या हस्तकलेचं प्रदर्शन निघालं. गुरुजींना सर्वेक्षणाचं काम लागलेलं, म्हणून मी निघाले. गुरुजी म्हणाले, "नाग धड गेला आन् धड परत आला, तर शनिवारचा तास कायमचा तुमचा. न्हाईतर गणिताला."

दिवस नागपंचमीचा आदला. ही माझी चूक. आमच्याकडं बायका नागाला भाऊ मानतात आणि त्या दिवशी भावाचा उपास धरतात. अशा दिवशी नाग घेऊन एसटीत चढू नये.

शिराळ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं अडवलं. "आवं मावशी, जिता हाय का?"

"लगद्याचा हाय."

"मग सामानाचं तिकीट काढा."

मागच्या बाकावरची म्हातारी उसळली, "द्येवाला सामान म्हनतोस व्हय रं?"

कंडक्टर घाबरला. "मग बसवा त्यास्नी खिडकीकडं."

बायकांना अर्धं तिकीट, नागाला तेही नाही. नाग खिडकीत बसला आणि मी पेठ नाक्यापर्यंत उभी.

नाक्यावर साताऱ्याची गाडी लगेच मिळते, बसायला जागा मिळत नाही. नागाला मिळाली. हायवेचं काम चालूय, गाडी अशी हादरते की नाग फणा डोलवतोय असंच वाटायचं. तेच नडलं. एकीनं पिशवीतनं कुंकू काढलं, दुसरीनं लाह्या. तिसरी लेकीकडं दुधाची किटली घेऊन चाललेली. तिनं झाकण उघडलं तशी मी ओरडले, "आवं बायांनो, कागूद हाय त्यो! भिजंल!"

"भक्तीनं काय भिजत न्हाई," ती म्हणाली.

भिजला. कराडपर्यंत अर्धी किटली रिकामी झाली. कराडच्या स्टँडवर गाडी जरा थांबते, साबुदाण्याची खिचडी गरम मिळते, चहा पाणचट. मला दोन्ही नीट खाऊ-पिऊ दिलं नाही कुणी, कारण खाली उतरलेल्या बायांनी बाकीच्यांना खिडकी दाखवली. उंब्रजला मी नागाची शेपटी पिळली.

साताऱ्यात नणंदेकडं मुक्काम. तिच्या पंख्याखाली नाग वाळत घातला, पण आतनं ओलाच राहिला आणि सकाळी शेपटी पोत्याच्या एका धाग्यावर लोंबत होती. म्हटलं, कात्री दे, एवढा तुकडा काढून टाकते.

"वैनी, आज पंचमी! चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. त्यात नागच कापतासा? तुमी जाशीला गावाला, हितं मला नांदायचं हाय."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये चाळीसभर टेबलं. हस्तकलाच म्हटल्यावर प्रत्येक टेबलावर कात्री. एकही मिळाली नाही. शहरातल्या मोठ्या शाळेचे एक सर, टाय लावलेले, कात्री पाठीमागं लपवून म्हणाले, "माझा स्वतःचा विश्वास नाही हो. पण घरी कळलं तर?"

माझं डोकं फिरलं. हॉलच्या स्वयंपाकघरातनं मोठं पातेलं आणलं आणि नाग त्यात वेटोळं घालून बसवला. कोरडा असता तर मोडला असता, दूध प्यालेला म्हणून वळला. शेपटी तळाला दडवली, फणा वर काढला. सात फूट सरळ होता तेव्हा पडवळ वाटायचा, आता नाग वाटायला लागला. पोरांकडून करून घ्याल तर ओला असतानाच वळवा.

अर्ध्या तासात आजूबाजूच्या बायका ताटं घेऊन हजर. रांग लागली. परीक्षक आले तर एका आजीनं दटावलं, "बूट काढा आदी." ते मोज्यांवर आले.

"यामागची संकल्पना काय?"

"बायांनी दूध पाजलं, मऊ पडला, म्हनून वेटोळं घातलं."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. नंबर दिला नाही. पहिला नंबर बाटलीच्या झाकणांच्या मोराला गेला. मोर चांगला होता, खोटं का बोलू. पण त्याच्या पाया कुणी पडलं नाही.

येताना कराडजवळ शेपटी तुटलीच. पिशवीत टाकली. चार शनिवार पोरांनी लगदा कुटला होता आणि आता त्या तासाला पाढे.

शाळेच्या दारात गुरुजी सर्वेक्षणाचे कागद घेऊन उभे. मी नागावरचं फडकं काढलं. कुंकवानं माखलेला फणा दिसला मात्र, गुरुजींनी कागद काखेत मारून हात जोडले. मग भानावर आले.

"शेपटी कुठाय? धड म्हनलं हुतं मी."

"आत्ता हात कुनाला जोडलासा?"

"ते... सवयीनं."

"मोडक्याला जोडतासा व्हय हात?"

गुरुजी आत गेले आणि वेळापत्रकात शनिवारपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं: चित्रकला, मावशी.

प्रवासातनं काय राहिलं म्हणाल तर पिशवीतली शेपटी, साडीला दुधाचा वास आणि धुऊन गेलेले निम्मे अंगठे. आपला कुठला, यावरनं पोरं भांडतायत.

दुसरीतली एक पोरगी बोलली, "मावशी, पुस्तकात लिवलंय, नाग दूध पीत न्हाई."

"खरा पीत न्हाई," मी म्हटलं. "लगद्याचा पितो."

नव्या शेपटीसाठी रद्दी भिजत घातलीय. या वेळी मेथ्या दुप्पट.