पाणी मी घातलं होतं

त्या दिवशी मी पाणी घातलं होतं. पहाटे उठून, विहिरीतून ओढून, घागरीमागून घागर घातलं होतं. तेव्हा बोलले नाही म्हणून आता लिहिते.

लग्न होऊन तालुक्याच्या गावी आले तेव्हा नवरा तिथल्या सार्वजनिक बागेत माळी होता. पुढे मलाही त्याच्या हाताखाली पाणी घालायचं काम मिळालं. मी चौथी शिकलेली, पण चार माणसांत माझं तोंड उघडत नसे. झाडांशी बोलावं लागत नाही. ते काम मला फार आवडलं. माझं स्वतःचं असं ते पहिलंच काम.

बागेच्या मधोमध, कडुनिंबाच्या सावलीला, नारिंगी फुलांचा एक वाफा होता. बागेवरचे बाबू त्यांना लिली म्हणत. वैशाखातल्या आमच्याकडच्या उन्हात कुत्रं ओसरी सोडत नाही, तेव्हा ती फुलं यायची. एका दांड्यावर पुष्कळ कळ्या, पण रोज एखादीच उमलायची. सकाळी उघडायची, दिवस कलला की मिटायची, आणि दुसऱ्या दिवशी पिळलेल्या चिंधीसारखी लोंबायची. तोवर शेजारची कळी उघडलेली असे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माहेरी मी लहानपणापासून मोहफुलं वेचलेली. मोह पहाटे गळतो. तो पाहायला कोणी पाहुण्याला संध्याकाळी बोलावत नाही.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून, मोठे साहेब बाग पाहायला सकाळी यायचे होते. ऐन वेळी निरोप आला की संध्याकाळी पाचला येतील. बाबू नवऱ्याला म्हणाले, "फुलं पाचपर्यंत अशीच राह्यली पाहिजेत. ओली पोती टाका वरतून. पानवाला ओल्या फडक्यात पानं ठेवते का नाई? तसंच."

विहिरीवर मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "अवो, बाबूले सांगा ना. हे फूल सांजेले मिटते."

"तूच सांग. मोहाच्या रानातली मास्तरीण!" तो हसला. मग म्हणाला, "मले काय माहीत नाई? पण बाबूले कोन शिकवते?"

म्हणजे त्याला माहीत होतं. हे मी ठळक लिहून ठेवते.

आम्ही वाफ्याभोवती बांबू रोवून वर पोती ताणली. नवरा दुपारी जेवायला गेला आणि निंबाखाली आडवा झाला. मी पोती भिजवत राहिले. ती एका घटकेत वाळत. विहीर ते वाफा, वाफा ते विहीर. पायाला फोड आले.

पाचला साहेब आले. बाबूंनी स्वतः पोती ओढून काढली. एकही फूल उघडं नव्हतं.

"हीच का ती फुलं?" साहेब म्हणाले.

बाबू नवऱ्याकडे वळले. "काऊन रे? पाणी घातलं नाई का?"

नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं. मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "पाण्याचं बाईकडं होतं, बाबूजी."

या वाक्याचा मी फार विचार केला आहे. त्यात एक शब्द खोटा नाही, आणि सगळं वाक्य खोटं आहे.

"तरी म्हनलं! झोपली असन सावलीत," बाबू म्हणाले. साहेब हसले. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. तिकडे कोणी पाहिलं नाही. हे फूल एका दिवसाचं असतं, एवढंच म्हणायचं होतं. ते न म्हणता मी रिकामी घागर उचलली. त्याचा राग मला नवऱ्यावरच्या रागाइतकाच आहे.

"उद्यापासून येऊ नको वो बाई," बाबू म्हणाले, तेही पाठ फिरवून.

दुसऱ्या दिवशी नवरा दुपारी जेवायला घरी आला. मी वरण वाढत होते. तो सांगू लागला, "बाबू लय खुश. म्हनत होते, आज माळ्यानं स्वतः पाणी घातलं, तर पाहा कसा बहर आला!"

"मंग तुमी काय म्हनलं?"

"काय म्हननार? हो म्हनलं." आणि हसून भातावर वरण घ्यायला ताट पुढे केलं.

मी पळी भांड्यात ठेवून दिली. त्याला वाढलं नाही. माझं काम परत मिळणार नव्हतं, हे मला समजत होतं. पण ते घालवून मिळालेली शाबासकी त्यानं जेवताना हसत हसत सांगावी, हे मला सोसलं नाही.

दिवस कलल्यावर मी पदर घेतला आणि बागेत गेले. तो वाफ्याशीच होता. बाकांवर गावातली माणसं वाऱ्याला बसलेली होती, बाबूही त्यांच्यात होते. वाफ्यातलं एकूण एक फूल कालसारखंच मिटलेलं होतं.

"आज पाणी कोनं घातलं होतं?" मी विचारलं.

"घरी चाल."

"आज पाणी कोनं घातलं होतं?"

बाकांवरच्या माना वळल्या. तो दात दाबून म्हणाला, "हळू बोल. लोक पाहून राह्यले."

मग मी मिटलेल्या फुलांकडे बोट दाखवून तेच आणखी मोठ्यानं विचारलं, बाबूंकडे तोंड करून.