आणि माझ्याकडून, महाराजा

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. चपलेत वाळू साठते तसे ते साठतात. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून घरी यावं, उंबऱ्याशी चप्पल झटकावी, तेव्हा कळतं, केवढी आली बरोबर.

हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. बायकांच्या आयुष्याबद्दल एका म्हाताऱ्या पुरुषाने बोलावं का, हा एक प्रश्न. आपल्याला जे थोर वाटलं ते खरंच तसं होतं का, हा दुसरा. शेवटी बायको म्हणाली, "लिहा एकदाचं. म्हणजे मला तरी पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार नाही."

* * *

आमच्या मांडवीत बायकांचं नमन मंडळ आहे. नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. आधी देवाला गाऱ्हाणं, मग गण, गवळण आणि शेवटी राजा-प्रधानाचा वग. पूर्वी पुरुष लुगडी नेसून गौळणी व्हायचे, आता बायका मिश्या लावून राजे होतात.

मंडळ चालवतात शुभाताई. एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांना पडद्यामागून संवाद सांगणारं माणूस हवं होतं, म्हणून एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या.

"सर, तुम्हाला वाचता येतं ना?"

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो. जरा अवघडून म्हणालो, "मी पीएच.डी. आहे."

"तेवढं लागणार नाही," शुभाताई म्हणाल्या. "मोठ्याने वाचता आलं की झालं."

* * *

माझा प्रबंध 'जबाबदारी' या संकल्पनेवर होता. तो वाचलेली माणसं माझ्या माहितीत तीन, त्यांतले दोन परीक्षक. तिसरा टायपिस्ट. तालमीत जे घडलं ते माझ्याच विषयातलं होतं, हे मात्र माझ्या उशिराच लक्षात आलं.

तालीम पाचची. सहा वाजेपर्यंत कुणाचा पत्ता नसायचा, आणि आली की प्रत्येकीची तक्रार तयार. नवऱ्याने उशीर केला, सासूने पाहुणे बोलावले, मुलाने डोकं खाल्लं. एके दिवशी शुभाताईंनी सगळ्यांना गप्प केलं.

"गाऱ्हाणं घालायचं ना? मग रीतीने घाला."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इतर मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवापुढे उभं राहून, नारळ हातात घेऊन, मोठ्याने घालायचं मागणं असतं. एक जण म्हणतो, "बा देवा महाराजा," आणि प्रत्येक ओळीला बाकीचे साथ देतात, "व्हय महाराजा." शुभाताईंनी त्याला एक ओळ जोडली. तक्रार वाटेल तेवढी करा, पण शेवट 'आणि माझ्याकडून' असा झाला पाहिजे. आपण स्वतः काय करणार, ते सांगायचं. ती ओळ आली नाही तर कुणी 'व्हय' म्हणायचं नाही.

पहिली उठली नीलम. तिचं ब्यूटी पार्लर आहे.

"बा देवा महाराजा, घरात स्कूटर आहे, पण नवरा मला हात लावू देत नाही."

"व्हय महाराजा."

"मला रोज चालत यावं लागतं."

"व्हय महाराजा."

"आणि माझ्याकडून..." नीलम थांबली. वर पाहिलं, खाली पाहिलं. "मला स्कूटर येत नाही."

'व्हय' कुणाच्याच तोंडून निघेना, सगळ्या हसत होत्या. महिन्याभरात नीलम भाट्याच्या पुलावर स्कूटरवरून दिसली. मागे नवरा बसला होता, दोन्ही हातांनी सीट धरून.

* * *

वैदेही आमचा राजा. वय पस्तिशीच्या आत, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. नवरा प्रशांत बोटीवर, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. मिशी लावून तिने "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं की माझ्या हातातले कागद हलायचे. मिशी काढली की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाणार नाही असा आवाज.

तिला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका फळप्रक्रियेच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी मिळत होती. बोलावणं तिसऱ्यांदा आलं होतं. दोनदा तिने नाही म्हटलेलं. या वेळी देवळाच्या उत्सवानंतरच्या सोमवारी रुजू झाली नाही तर दुसऱ्या कुणाला घेणार, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

तिने गाऱ्हाणं घातलं. वडिलांनी घाईत लग्न लावलं, नवरा समुद्रावर, सासूबाई बाहेर पडू देणार नाहीत, शिकलेलं सगळं चुलीत गेलं. बायका मनापासून 'व्हय महाराजा' म्हणत होत्या. एकदोघींचे डोळे भरले.

"आणि माझ्याकडून," वैदेही म्हणाली, "मी काय करणार? माझ्या हातात काय आहे?"

कुणी 'व्हय' म्हटलं नाही.

"राहू दे गो," शुभाताई म्हणाल्या. "तूर्त उभी राहा. जागा झाली की बस."

* * *

मला ते फार कठोर वाटलं. दुसऱ्या दिवशी मी शुभाताईंना गाठून सांगितलं, की प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातात नसते. रूढी असतात, समाजरचना असते, आणि सोसणाऱ्यालाच 'तू काय केलंस' विचारणं हा एक प्रकारचा अन्याय आहे. बराच वेळ बोललो.

"सर," शुभाताई म्हणाल्या, "स्टॉप मागे गेला."

पण त्यांनी ते ऐकलं होतं, किंवा त्यांना ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं. पुढच्याच आठवड्यात मंडळातली कल्पना तालमीला आली. गौळणीचं काम करायची, हसरी बाई. त्या दिवशी मनगट सुजलेलं आणि पदर कानावरून घेतलेला. नियम म्हणून ती स्वतःच उभी राहिली. नवरा पितो म्हणाली, काल हात उचलला म्हणाली. "आणि माझ्याकडून," ती म्हणाली, "मीच उलट बोलले. मी गप्प बसले असते तर..."

"व्हय महाराजा," शुभाताई मध्येच म्हणाल्या. सगळ्या लगोलग म्हणाल्या. ओळ पुरी व्हायच्या आत.

मग त्या उठून तिच्याजवळ गेल्या. "ती ओळ तुझी नव्हे गो. हात त्याचा, ओळ त्याची. तुझी ओळ उद्या बोल. आज माझ्याकडे चल."

दुसऱ्या दिवशी कल्पनाने तिची ओळ सांगितली, 'मी तक्रार नोंदवीन,' आणि त्याच पावली सगळ्या तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो, सगळ्यांच्या पर्स आणि छत्र्या सांभाळत. प्रबंधात दोष आणि जबाबदारी यांतला फरक सांगायला मला एक अख्खं प्रकरण लागलं होतं, आणि तरी एका परीक्षकाने तिथे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

* * *

शुभाताई स्वतः सुटल्या असं समजू नका. मुलगा पुण्याला, फोन करत नाही, हे त्यांचं दुःख. एकदा बोलता बोलता त्याचं गाऱ्हाणं झालं, आणि नीलमने पकडलं. "ताई, आणि माझ्याकडून?"

शुभाताईंनी पर्स उघडली, मोबाइल काढला, परत ठेवला.

"माझ्याकडून," त्या शेवटी म्हणाल्या, "त्याचा फोन आला की माझं पहिलं वाक्य असतं, 'आली का आठवण?'"

"व्हय महाराजा," बायका म्हणाल्या. अगदी हळू.

* * *

उत्सव जवळ आला. रंगीत तालमीला वैदेही पूर्ण वेषात होती. मुकुट, शेला, मिशी. इतक्यात तिचा फोन वाजला. बोटीवरून प्रशांतचा व्हिडिओ कॉल.

तिने तसाच घेतला. पलीकडे तो दचकला. "नमस्कार," म्हणाला. "जरा वैदेहीला देता का?"

"मीच वैदेही."

त्याने चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला.

"मिरजोळ्याला लॅबमध्ये नोकरी मिळते आहे," ती राजाच्याच आवाजात म्हणाली. "मी जावं म्हणते."

"मग जा की," तो म्हणाला. "मला वाटलं तुलाच नको आहे. मागे विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, 'आता काय, सगळं विसरले.' आईला तेवढं सांग."

आम्ही टाळ्या वाजवल्या. वैदेहीने मिशी काढली आणि खाली बसली. "आता सासूबाईंना कोण सांगणार?"

"मिशी घरी घेऊन जा," शुभाताई म्हणाल्या.

ती हसली. पण एकेक दिवस जात राहिला, तिने घरी काही सांगितलं नाही. "त्यांचं उत्तर मला माहीतच आहे," एवढंच म्हणायची.

* * *

त्याच दिवसांत मला मिरकरवाड्याला मासळी घेताना तिच्या सासूबाई भेटल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. हातात पिशवी, नजर बांगड्यांवर.

"काय वो प्रोफेसर, आमची सून तुमच्यात बोलते काय?"

"बोलते की. राजा आहे ती."

"असंल. घरात मुकी. मी विचारते, काय झालं गो? तर म्हणते, काय नाय. आता माणसाने समजायचं तरी काय?"

मी घरी आलो तो अस्वस्थच. हे वैदेहीला सांगावं का? नाही सांगितलं आणि नोकरी गेली तर? सांगितलं आणि घरात भलतंच झालं तर? अखेर शुभाताईंना विचारलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तिचं तिकीट तिला काढू द्या."

* * *

उत्सवातला प्रयोग शनिवारी संध्याकाळी झाला. सोमवार परवावर आला होता, आणि घरी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. देवळासमोरचं पटांगण भरलं होतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर माई, मांडीवर नात.

पडदा उघडला. सगळं मंडळ हात जोडून उभं. गाऱ्हाणं वैदेहीने घालायचं होतं. नारळ हातात, मुकुट नाही, मिशीही अजून लावलेली नव्हती. मी विंगेत संहिता घेऊन बसलो होतो.

"बा देवा महाराजा, सालाबादप्रमाणे तुझी लेकरं तुझ्या दारात जमली आहेत."

"व्हय महाराजा."

"कुणाची काय चूक झाली असेल तर पोटात घाल. जे वाकडं असेल ते सरळ कर. जे समुद्रावर आहेत त्यांना सुखरूप घरी आण."

"व्हय महाराजा."

इथे गाऱ्हाणं संपत होतं. पुढे मृदंगावर थाप पडायची होती. वैदेही हलेना. ती ओळ विसरली असं समजून मी घाबरून सांगायला लागलो, "गण सुरू, गण सुरू." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आणि माझ्याकडून, महाराजा," ती म्हणाली. पटांगणाच्या टोकाला भेळवाला होता, त्यानेही मान वर केली. "सोमवारी सकाळच्या बसने मी मिरजोळ्याला नोकरीला जाईन."

रंगमंचावरच्या सगळ्या जणी तिच्याकडे बघत राहिल्या. साथ द्यायचं कुणालाच सुचलं नाही. शुभाताईंनाही नाही.

मग पहिल्या रांगेतून एकच आवाज आला.

"व्हय महाराजा," माई म्हणाल्या. नातीला त्यांनी मांडीवर जरा वर घेतलं. "पण डबा तुझा तू कर हां गो."