लेकीची शपथ आणि चार पानांचं संविधान

"आई, तारीख आली. कोर्टात शपथ आहे. तू आणि बाबा येताय ना?"

फोन स्पीकरवर होता. मी तो बंद करायच्या आत यांनी हातातला पेपर खाली ठेवला होता. आमची सायली बारा वर्षं फिलाडेल्फियात नर्स आहे आणि आता ती अमेरिकेची नागरिक होणार होती. हे सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग जयपूरची, त्यामुळे मूळचे साताऱ्याकडचे आम्ही तिथल्या वैशाली नगरातच राहून गेलो.

"भेटायला जाऊ," हे म्हणाले. "शपथ मात्र मी ऐकणार नाही."

मी सत्तावीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. 'आजही चालू असलेलं सर्वांत जुनं लिखित राष्ट्रीय संविधान अमेरिकेचं' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचे. ते संविधान डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून मी मनातून हरखले होते, पण घरात तसं दाखवायची सोय नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसाच्या मुलाखतीला दिल्लीला जावं लागतं आणि तारीख मिळायला बरेच महिने लागतात, तेव्हा आमच्यासारखा अर्ज बराच आधी करून ठेवा. जयपूरहून दिल्ली विमानतळापर्यंत टॅक्सीनं पाच तास धरा, वाटेत जॅम लागला तर सहा. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू न्या. विमानातलं जेवण यांनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

फिलाडेल्फियात तिसऱ्या दिवशी सायली आम्हाला इंडिपेंडन्स हॉलला घेऊन गेली. तिकीट ऑनलाइन आधी काढा, माणशी फक्त एक डॉलर लागतो, पण वेळ ठरलेली असते. बाहेरून बघितलं तर लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची साधीशी इमारत. जिथे संविधान लिहिलं गेलं ती खोली तर आमच्या शाळेच्या हॉलपेक्षाही लहान! हिरवं कापड घातलेली टेबलं, लाकडी खुर्च्या, समोर अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची. बस, एवढंच. गाईड बाई सांगत होत्या की, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात या खिडक्या बंद ठेवून माणसं महिनोन्‌महिने वाद घालत होती. राजा नको, पण राज्य तर चाललं पाहिजे. मग सत्ता द्यायची कुणाला, आणि तिला आवरायचं कुणी? म्हणून तिचे तीन भाग केले. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला अडवण्याचा थोडा अधिकार. हे सगळं मी शिकवलेलंच होतं. तरी त्या खोलीत उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला.

तेवढ्यात यांनी हात वर केला. "मॅडम, आर्मी कुणाच्या हातात?"

बाई हसल्या. "सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. पण पैसा कायदेमंडळ देतं, आणि सैन्यासाठीची मंजुरी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाची देता येत नाही."

"म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला जावं लागणार?"

"हो. मुद्दामच तसं लिहिलंय."

यांनी सायलीकडून ते पुन्हा मराठीत समजावून घेतलं आणि बराच वेळ त्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

निघताना गाईड बाईंनी एक गोष्ट अगदी शांतपणे सांगितली. त्या कृष्णवर्णीय होत्या. "इथे बसलेल्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. 'आम्ही लोक' असं त्यांनी लिहिलं, तेव्हा त्यात माझे पूर्वज नव्हते. पण दुरुस्ती करायची वाट त्यांनी त्याच कागदात ठेवली होती. त्या वाटेनं यायला आम्हाला फार वर्षं लागली."

शनिवारी वॉशिंग्टन. रेल्वेनं दोन तास लागतात, बस स्वस्त पडते पण तीन-साडेतीन तास घेते. राष्ट्रीय अभिलेखागारात प्रवेश फुकट आहे, फोटो काढायला सक्त मनाई. उंच घुमटाखाली मंद उजेड आणि गारवा. काचेखाली संविधानाची चार पानं. फक्त चार! 'वी द पीपल' हे पहिले तीन शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत की चष्म्याशिवाय वाचता आले. आमच्या शाळेतल्या हिंदी पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानावर 'हम, भारत के लोग' छापलेलं असायचं, ते आठवलं. मागची रांग खोळंबली तरी मला हलवेना. शेवटी यांनी दंडाला धरून पुढे नेलं.

सोमवारी शपथ. सकाळी हे चहा घेऊन खिडकीशी बसले. "तुम्ही दोघी जा."

सायली समोर जमिनीवर बसली. "बाबा, मला माहितेय तुम्हाला कसं वाटतंय. पण मतलब... शपथ कुणाची आहे, ते तरी ऐका ना."

हे उठून आत गेले. दहा मिनिटांनी रेजिमेंटचा ब्लेझर घालून बाहेर आले.

कोर्टात पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाईल दारातच जमा. क्लार्क एकेका देशाचं नाव घेत होता आणि त्या त्या देशातून आलेली माणसं उभी राहत होती. घाना. हैती. मग "इंडिया." सायली उभी राहिली. आणि माझ्या शेजारी, पाहुण्यांच्या बाकावर, हेही ताडकन उभे राहिले! सावधानमध्ये, मुठी पँटच्या शिवणीला लावून. रखवालदार बसायची खूण करत पुढे आला. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून यांच्याकडे बघितलं आणि त्याला हातानंच थांबवलं. पूर्ण शपथ होईपर्यंत हे तसेच उभे होते. जुन्या देशाची निष्ठा सोडते, हे वाक्य आलं तेव्हा यांचा जबडा घट्ट झालेला मी पाहिला. पुढचं वाक्य संविधानाचं रक्षण करण्याचं होतं.

बाहेर पायऱ्यांवर सायली रडत होती. हे तिला म्हणाले, "कुठल्या राजाचं, कुठल्या साहेबाचं नाव नव्हतं त्यात. मीही संविधानाचीच घेतली होती. आता घेतलीयस तर नीट पाळ."

जयपूरला परतून तीन आठवडे झाले. ज्याच्याबद्दलचं वाक्य मी फळ्यावर लिहून पुसत आले, ते संविधान चार पानांवर एक देश तोलून धरतंय, हे आता कळल्यासारखं वाटतं. राज्यकर्ता चांगलाच निघेल यावर त्या माणसांनी भरवसा ठेवला नाही. तो चुकला तर काय, हे आधी लिहून ठेवलं. अशी हिंमत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

परवा शेजारचे गृहस्थ फाटकाशी आले. "भाईसाहब, बिटिया तो हाथ से गई!"

"गई नहीं," हे म्हणाले. "ड्यूटी पे लगी है."

मी आत चहा टाकायला गेले आणि गॅसपाशी उभी राहून एकदाचं रडून घेतलं. हे एवढं माझं त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर राहून गेलं होतं.