डब्लिनला गेलेला डबा

परदेशात कसं राहावं हे ज्यांना नेमकं कळतं ती माणसं सहसा परदेशी जात नाहीत, डोंबिवलीत राहतात. आमचे साडू हे त्यांतले अग्रणी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढली आणि निवृत्तीनंतर तेच काम दुसऱ्यांच्या सामानावर चालू ठेवलं. नात्यातलं कोणी कॅनडाला निघालं की बॅग आधी साडूंच्या दिवाणखान्यात उघडी होते. मेतकूट पास होतं, कुकर पास होतो. लॅपटॉप दिसला की साडू चष्मा काढतात. "लॅपटॉप म्हणजे लॉजवरचं राहणं. संसार मांडायचा तर डेस्कटॉपच हवा!" त्यांचा डेस्कटॉप म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा, स्क्रीनमागे मावणारा छोटा संगणक.

त्यामुळे त्यांची मुलगी नोकरीसाठी डब्लिनला निघाली तेव्हा चर्चा झालीच नाही, थेट खरेदी झाली. "बाबा, ऑफिस लॅपटॉप देणारे," ती म्हणाली. "ऑफिसचा तो ऑफिसचा," साडू म्हणाले. ठाण्याच्या दुकानात मला साक्षीदार म्हणून नेलं. पिशवीतून त्यांनी आपला कारखान्यातला स्टीलचा डबा काढला आणि एकेक संगणक त्याच्याशेजारी ठेवायला लावला. डब्याहून मोठा तो बाद. "काका, प्रोसेसर तरी बघा," विक्रेता काकुळतीला आला. "तो आत असतो. आधी बाहेरून बसू दे." शेवटी एक पसंत पडला, कारण त्यात पंखाच नव्हता. "धूळ नाही, आवाज नाही. जावई असावा तसा गप्प!" असं म्हणून साडूंनी तसलेच दोन घेतले. दुसरा कशाला, मी विचारलं. "तिचा बिघडला की मी इथे माझा उघडणार आणि फोनवर सांगणार, कुठला स्क्रू, कुठली वायर. तिथे तिला आहे कोण?"

मेहुणीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून संगणकाचा डबा विमानात चढला. "विमानतळावर अडवलं तर?" मुलीने विचारलं. "मला फोन लावून दे त्यांना."

पण साडूंचं दुर्दैव असं की निवड फारच चोख झाली होती. संगणक बिघडेचना. दर रविवारी ते फोनवर चौकशी करत आणि "मस्त चाललाय, बाबा" ऐकून, दुसऱ्या डॉक्टरच्या औषधाने पेशंट बरा झाल्यासारखं "छान" म्हणत. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. लोकांच्या बॅगाही न बघता पास होऊ लागल्या. "जेवणात लक्ष नाही हो यांचं," मेहुणी मला हळूच म्हणाली. "परवा पोरीलाही सांगितलं मी."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. फोन आला. "बाबा, तो आवाज करतोय."

साडू हातातला घास ठेवून उठले. "घरघर की किरकिर?"

पलीकडून ती चाचपडत म्हणाली, "...घरघर."

"घाबरू नकोस. आधी बंद कर. आता डाव्या कोपऱ्यातला स्क्रू. अगं, तुझा डावा!" इकडे त्यांच्या जुळ्याचंही झाकण उघडलं. आमटी निवली, भात निवला, बापलेकींचं पोट भरेना. मध्येच तिकडच्या थंडीचा विषय निघाला, घरमालकिणीचा निघाला, कढीला फोडणी कधी द्यायची तेही निघालं. शेवटी ती ओरडली, "थांबला, बाबा!"

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. "अहो, त्यात पंखाच नाही. आवाज कसला येणार?"

साडूंनी शेवटचा स्क्रू सावकाश आवळला. "माहीत आहे हो. पसंत मीच केलाय ना?"

स्क्रूड्रायव्हर मात्र त्यांनी पेटीत टाकला नाही. टेबलावर हाताशी ठेवला आणि मेहुणीला बजावलं, "हा इथून हलवू नकोस. रविवारी लागेल."