दाराचा टब

हिंगोलीत नांदेड रोडला रत्नपालचं दुकान आहे. नळ, कमोड, बेसिन, टाइल्स असं सगळं तिथं मिळतं, पण त्याचा खरा जीव आहे तो काचेमागं मांडलेल्या टबांत. मे उजाडला की गल्लीगल्लीत टँकरची वाट बघणाऱ्या या जिल्ह्यात टब कोण घेणार, असं सुरुवातीला सगळ्यांनी त्याला ऐकवलं. पण घेणारे निघाले. हळदीला भाव आला की वसमतकडची माणसं बंगला बांधतात, आणि बंगला बांधला की टब हवाच असतो. त्यात कोणी बसतं असं मात्र नाही. कुरुंद्याच्या एका गड्यानं पाण्याचे फवारे मारणारा जकूझी नेला, पोराबाळांनी चार दिवस त्यात धुडगूस घातला, आणि आता त्यात हळदीचं बेणं ठेवलेलं असतं. बेणं थंड राहतं म्हणे.

रत्नपाल कोणाला हसत नाही. येईल त्याला तो सारख्याच आस्थेनं समजावतो. ॲक्रिलिकचा टब हलका, त्यात पाणी बराच वेळ ऊन राहतं. फायबरचा स्वस्त पडतो, पण त्याची चकाकी लवकर जाते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, टब आधी स्वतःच निम्मी ऊब पिऊन टाकतो, एकदा तापला की मात्र सोडत नाही. फक्त तो उचलायला गडी लागतात आणि खालचा स्लॅब भक्कम लागतो. बाथटब आणि हॉट टब हे लोकांना एकच वाटतात, तसं नाही. बाथटबमध्ये दर वेळी नवं पाणी भरायचं आणि अंघोळ झाली की सोडून द्यायचं. हॉट टबचं पाणी सोडायचं नसतं. यंत्र तेच पाणी तापवतं, गाळतं, फिरवतं. औषध टाकत राहिलं तर महिनोन्महिने चालतं.

एवढं सगळं माहीत असलेल्या या माणसाची आई रोज सकाळी पदराचा बोळा तोंडात धरून बिछान्यातून उठायची. ओरडायला नको म्हणून. शेजारच्या खोलीत रत्नपाल जागा असायचा आणि त्याला ते सगळं ऐकू यायचं.

त्याची आई भागूबाई आयुष्यभर साखऱ्याच्या शिवारात लोकांच्या शेतांत राबली, तिनं रस्त्यावर खडी फोडली, नवरा कोंडीबा गेला तरी राबायची थांबली नाही. रत्नपालनं शेवटी हट्टानं तिला हिंगोलीला आणलं, तोवर गुडघे आणि बोटांचे सांधे गाठी मारल्यासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोट जळेल, त्यापेक्षा रोज अर्धा तास छातीपर्यंत ऊन पाण्यात बसवा. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, सांधे मोकळे होतात. रत्नपालला वाटलं, हे तर आपल्या हातातलं आहे. टबांचं दुकान आपलं, माय आपली, यात अडायचं काय.

पण सगळं तिथंच अडलं.

पहिल्यांदा त्यानं घरच्या न्हाणीघरात साधा ॲक्रिलिकचा टब बसवला. पाणी भरलं, हात घालून ऊब बघितली आणि आईला हाक मारली. ती दारापर्यंत आली. पाण्याकडं बघत उभी राहिली, आत काही पाऊल टाकलं नाही.

"काहून गं माय? ऊन जास्ती झालं का?"

"न्हाई बाबा. बराबर हाय."

"मग ये की."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

कड उंच आहे, पाय उचलत नसेल, असं रत्नपालनं धरलं. त्यानं बूच काढलं आणि पाणी सोडून दिलं. पाणी संपताना मोरीनं घोट घेतल्यासारखा आवाज केला, तेव्हा भागूबाईनं दोन्ही कानांवर पदर दाबला आणि ती भिंतीला धरत निघून गेली. रत्नपाल खाली वाकून बूच पुसत होता. त्याला ते दिसलं नाही, त्याच्या बायकोला दिसलं.

शीतल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून दुपारची ती घरी असायची आणि त्यामुळंच तिच्या लक्षात पुढचं सगळं येत गेलं. भर दुपारी, ऊन अगदी डोक्यावर आलं की, सासू उठायची. गुडघे धरत न्हाणीघरापाशी जायची आणि दाराबाहेर रिकामी घागर घेऊन उभी राहायची. बसायची नाही. उभं राहणं जिवावर यायचं, घाम फुटायचा, तरी बसायची नाही.

"आत्याबाई, पाणी पाह्यजे का? मी भरून देते."

"तू कोण?" भागूबाईनं एकदा विचारलं. मग सुनेकडं नीट बघून ती ओशाळली. "काही न्हाई, लेकरा. कोणी आलं का बघून राहिले."

आणि एका दुपारी शीतलनं तो आवाज ऐकला. टब कोरडा होता, घरात नळ कुठं चालू नव्हता, आणि मोरीनं घोट घेतला. लांब, सावकाश. भागूबाईनं घागर छातीशी धरली.

रत्नपालनं मोरीची जाळी काढली, खालचा पाइप खोलला, पुन्हा बसवला. पाइपात हवा अडकली की असं होतं, असं त्यानं बायकोला सांगितलं. हवा कुठं अडकली होती ते काही त्याला सापडलं नाही. दोन दिवसांनी तो जेवायला घरी आला असताना तोच आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला आणि हातातला घास ताटात ठेवला.

"कोणाला तरी दाखवू या का?" शीतलनं हळूच विचारलं. डॉक्टरला असं तिला म्हणायचं नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

"आपल्यात ते चालत न्हाई," रत्नपाल म्हणाला. कोंडीबानं घरातले देव नदीत सोडले तेव्हाच भूतबाधाही त्यांच्याबरोबर सोडली होती. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, कपाटात पुस्तकं होती, आणि अशा घरात दुपारी कोण उभं राहतं हे विचारायचीसुद्धा रत्नपालला लाज वाटत होती. लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती.

मग माणूस जे करतो तेच त्यानं केलं, म्हणजे आपल्याला जे येतं तेच पुन्हा केलं. दुसरा टब आणला. हवा भरून फुगवायचा गोल हॉट टब, ओसरीवर ठेवायचा. यात पाणी सोडायची भानगड नाही, ते तसंच भरून ऊन राहतं, वाटेल तेव्हा उतरावं. चढायला त्यानं लाकडी पायऱ्या करून घेतल्या. झाकण काढल्यावर आत गोल, हिरवट दिसणारं पाणी नुसतं हलत होतं. भागूबाईनं ते गोल पाणी बघितलं, त्या पायऱ्या बघितल्या आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"ह्यात कोण उतरलं?" तिनं विचारलं.

"कोणीच न्हाई, माय."

"बघ नीट. तळाला बघ."

रत्नपालनं खरोखरच वाकून तळाला बघितलं. संध्याकाळी त्यानं तो टब काढून टाकला. त्या रात्री त्यालाही झोप आली नाही, आणि सकाळी आईला उठणं नेहमीपेक्षा जड गेलं.

राहिला होता तो दाराचा टब. म्हाताऱ्या माणसांसाठी करतात, हैदराबादहून मागवावा लागला. उंच, अरुंद, आत खुर्चीसारखी बैठक आणि बाजूला चक्क दार. टब रिकामा असतानाच दारातून चालत आत जायचं, बसायचं, दार लावून घ्यायचं आणि मग पाणी भरायचं. दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणून भरलेलं पाणीच ते दाबून धरतं. बाहेर यायचं तर आधी सगळं पाणी सोडावं लागतं, मगच दार उघडतं. तोवर ओल्या अंगानं बसून राहायचं, थोडी थंडी वाजते, एवढाच याचा दोष, असं रत्नपाल गिऱ्हाइकांना सांगायचा.

न्हाणीघरातला पहिला टब काढून तिथं बसवलेला हा टब भागूबाईला चालला. त्यात आधी पाणीच नव्हतं, म्हणून असेल. ती लुगड्यासकट आत जाऊन बसली, शीतलनं दार लावलं, रत्नपालनं नळ सोडला. ऊन पाणी पायांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून कमरेवर चढलं. भागूबाईनं डोळे मिटले. तिची आकसलेली बोटं पाण्यात हळूहळू उलगडली. कितीतरी वर्षांनी आपल्या आईचा चेहरा दुखल्याशिवाय कसा असतो ते रत्नपालनं बघितलं, आणि आपण उगाच घाबरलो असं त्याला वाटलं. शीतल चहा ठेवायला गेली.

दुपार झाली होती. रत्नपालनं वाकून पाणी सोडलं.

पाणी खाली जायला लागलं आणि मोरी वाजली. भागूबाईचे डोळे उघडले.

"उपसू नका," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी दार ओढलं. पाण्यानं दाबलेलं दार हललं नाही. "उपसू नका ना पाणी. ती आत हाय."

रत्नपालनं मोरी बंद केली. पाणी तिच्या पोटाशी येऊन थांबलं होतं.

"कोण आत हाय, माय?"

"केशर."

हे नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. टबाच्या कडेला हात ठेवून तो खाली बसला, आणि भागूबाई दाराच्या मुठीकडं बघत बोलत राहिली. केशर तिची मोठी बहीण. माहेरच्या गावात पायऱ्यांची एक विहीर होती. गावाची म्हणायची, पण भागूबाईच्या लोकांनी नुसतं काठावर घागरी घेऊन उभं राहायचं. वरच्या आळीतलं कोणी आलं आणि त्याच्या मनात आलं, तर त्यानं उंचावरून पाणी वाढायचं. उभं राहायचं, बसायचंसुद्धा नाही. भागूबाई लहान असताना एका उन्हाळ्यात घरात घोटभर पाणी नव्हतं, आणि भर दुपारी कोणी येईना.

"केशर म्हणली, भागे, तू हितंच उभी ऱ्हाय. कोणी आलं तर हाक मार. अन् ती पायऱ्या उतरली."

"मग?"

"घागर वाजली. एकदाच. मग गप झालं."

"तू हाक न्हाई मारली?"

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो प्रश्न तिला कोणीतरी पहिल्यांदाच विचारला होता, पण त्याचं उत्तर तिच्यापाशी लहानपणापासून तयार होतं.

"कोणी आलंच न्हाई रे, बाबा. कोणी आलं तर मार म्हणली होती. मी उभी ऱ्हायले. दिवस कलला, तरी कोणी आलं न्हाई."

संध्याकाळी माणसं आली तेव्हा ती तशीच घागर धरून उभी होती. केशरला बाहेर काढलं. पोर मेली याचं त्या गावाला काही वाटलं नाही, पाणी बाटलं याचं वाटलं. मोटा जुंपल्या आणि विहीर उपसायला घेतली. ज्या पाण्यातलं घागरभर द्यायला कोणी येत नव्हतं ते सगळं पाणी धो धो काढून उताराला सोडून दिलं. उतार भागूबाईच्या वस्तीकडं होता.

"एवढं पाणी आमच्या दारात कधी आलं न्हवतं," ती म्हणाली. "माझी माय आधी आत जाऊन बसली. मग तिनंच घागरी काढल्या. समद्यांनीच भरून घेतल्या. मी बी पेले, रत्ना. लई तहान लागली होती."

रत्नपालला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही. मोरीचा आवाज, घागर, उभं राहणं, सगळं आता त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि इतके दिवस आपण नुसते टब बदलत होतो याची त्याला शरम वाटली. पण माय अजून पाण्यातच बसून होती. पाणी निवत चाललं होतं. ते सोडल्याशिवाय दार उघडत नव्हतं आणि ती सोडू देत नव्हती.

"मी काय करू, माय?"

"तिला हाक मार. माझं तोंड उघडत न्हाई."

भूत न मानणाऱ्या रत्नपालनं अर्ध्या भरलेल्या टबाकडं बघून हाक मारली. "केशरमावशी."

"हळू मारतो काहून? ती खाली हाय."

"केशरमावशी, वर ये!"

न्हाणीघराच्या फरशांवर त्याचा आवाज घुमला. भागूबाईचे ओठ हलायला लागले, आणि मग तिच्या थकलेल्या छातीतून एका लहान पोरीची हाक निघाली, इतकी मोठी की शीतल हातातलं भांडं टाकून धावत आली.

"केशे! अगं, ये वर! कोणी येत न्हाई, तूच ये!"

भागूबाई मान कलती करून ऐकत होती. शीतल न्हाणीघराच्या दारात थबकली होती.

"आली का?" रत्नपालनं विचारलं.

"येऊन राहिली," भागूबाई म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली. "आता सोड पाणी."

त्यानं पाणी सोडलं. ते कमरेवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पावलांवर उतरलं. शेवटी मोरीनं तो लांब घोट घेतला आणि भागूबाईनं कान झाकले नाहीत, तो संपेपर्यंत ऐकला. मुठीला हात लावताच दार उघडलं. पण ती लगेच उठली नाही. आधी अंग चोरून बैठकीच्या कडेला सरकली, समोरून कोणाला तरी वाट करून दिली, आणि मग आपण उठली. रत्नपाल टबाच्या दारातच उभा होता. तोही बाजूला झाला.